मुठीत मावणारी अद्भुत सृष्टी

किमोनोला खिसा नसतो. एवढ्या साध्या अडचणीतून जपानी कारागिरांनी ‘नेत्सुके’ ही चिमुकली कला घडवली आणि दंतकथांतले ड्रॅगन, राक्षस, स्वप्ने खाणारे प्राणी थेट माणसाच्या कमरेला आणून बसवले. क्योतोतील एका जुन्या सामुराई घरात ही सृष्टी आजही पाहायला मिळते.

क्योतो म्हटले की पर्यटकांच्या डोळ्यांपुढे सोनेरी मंदिर येते, फुशिमी इनारीच्या लाल कमानींची रांग येते, चहाघरे आणि गेइशा येतात. शहराच्या मध्यभागापासून थोडे पश्चिमेला असलेल्या मिबु या जुन्या वस्तीकडे मात्र फारच थोड्यांची पावले वळतात. मिबु-देरा या मंदिराजवळच्या शांत रस्त्यावर १८२० साली बांधलेले एक सामुराई घर उभे आहे. अशी घरे क्योतोत आता जवळजवळ उरलेलीच नाहीत. २००७ मध्ये या घरात एक संग्रहालय सुरू झाले. ‘क्योतो सेइशु नेत्सुके कला संग्रहालय’ हे त्याचे नाव.

तातामी चटयांच्या खोल्या, लाकडी खांब, बाहेर छोटीशी बाग आणि काचेआड अक्रोडाएवढ्या मूर्ती. कुठे टोपीवर चढून बसलेला राक्षस, कुठे अंड्यातून चोच बाहेर काढणारा पक्षीमानव, तर कुठे शिंपल्यात पाय अडकून कळवळणारा जलपिशाच. संग्रह हजारोंच्या संख्येत आहे. त्यातले काही शेकडाच एका वेळी मांडले जातात आणि ते अधूनमधून बदलले जातात. बहुतेक कलाकृती अलीकडच्या कारागिरांच्या आहेत, पण त्यांचे विषय मात्र तीनशे वर्षांपूर्वीचे आहेत.

खिसा नसलेला पोशाख

नेत्सुके म्हणजे काय? आपल्याकडे जुन्या पिढीतली माणसे पैसे कनवटीला खोचत आणि पान-तंबाखूची चंची कमरेला बाळगत. जपानी माणसाचीही अडचण तीच होती. किमोनोला खिसा नाही. मग तंबाखूची पिशवी, पैशांचा बटवा, औषधाच्या गोळ्या ठेवण्याची ‘इन्रो’ नावाची छोटी कप्प्यांची डबी, हे सारे ठेवायचे कुठे? त्यावर तोडगा निघाला तो असा : या वस्तू रेशमी दोरीला बांधायच्या, दोरी कमरेच्या ‘ओबी’ या पट्ट्यामागून वर काढायची आणि वरच्या टोकाला एक गाठोडीवजा लाकडी तुकडा अडकवायचा. तो पट्ट्याच्या काठावर अडकून राहतो आणि खालची वस्तू घसरून पडत नाही. हाच तुकडा म्हणजे नेत्सुके. दोरी सैल-घट्ट करण्यासाठी मध्ये एक मणी असे, त्याला ‘ओजिमे’ म्हणत.

तोकुगावा शोगुनांच्या काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दीर्घ शांततेच्या काळात, ही वस्तू घरोघर पोचली. तंबाखूचे व्यसन वाढले, तशी तंबाखूची पिशवी आणि तिच्यासोबत नेत्सुकेही वाढले. शहरांतल्या व्यापाऱ्यांकडे पैसा भरपूर आला होता, पण समाजातले त्यांचे स्थान खालचे. त्यांनी काय नेसावे, किती थाट करावा, यावर सरकारी निर्बंध होते. मग हौस भागवायची कुठे? अंगावरच्या सर्वांत लहान वस्तूत! कपडे साधे, पण कमरेचे नेत्सुके मात्र नामांकित कारागिराचे, असा तो प्रकार होता.

१७८१ मध्ये ओसाकाच्या इनाबा त्सुर्यु या व्यापाऱ्याने ‘सोकेन किशो’ हा तलवारींच्या सजावटीवरचा ग्रंथ छापला. त्यात त्याने पन्नासहून अधिक नेत्सुके कारागिरांची नावे दिली. तोवर ही केवळ उपयोगी वस्तू न राहता नावाने ओळखली जाणारी कला झाली होती, याचा हा पुरावाच म्हणायचा. त्या यादीत ओसाकाचा चित्रकार योशिमुरा शुझान आहे. चिनी पुराणकथांतले विचित्र प्राणी आणि सिद्धपुरुष तो लाकडात कोरी आणि वर रंग चढवी. आपल्या कामावर त्याने कधी सही केली नाही. पुढे असंख्य कारागिरांनी त्याचा कित्ता गिरवला.

बोटभर लाकडाची कसोटी

नेत्सुकेची उंची साधारण तीन ते पाच सेंटीमीटर. एवढ्या जागेत ड्रॅगन कोरायचा, तोही अशा बेताने की त्याच्या शिंगांत किमोनोचे रेशीम अडकू नये, पट्ट्यावर आपटून शेपटी मोडू नये आणि हाताला कुठे टोचू नये. म्हणून नेत्सुकेतले सारे प्राणी अंग चोरून बसलेले दिसतात. शेपटी पोटाखाली वळवलेली, पाय जुळवलेले, मान पाठीवर टेकवलेली. ही केवळ शोभा नव्हे, ती वस्तूची गरज आहे.

नेत्सुके कोणत्याही बाजूने हातात येऊ शकते, त्यामुळे त्याची तळबाजूही तितक्याच निगुतीने कोरावी लागते. दोरीसाठी दोन भोके पाडतात, त्यांना ‘हिमोतोशी’ म्हणतात. गाठ आत लपावी म्हणून बहुधा एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठे असते. चतुर कारागीर वेगळी भोके पाडतच नाही. प्राण्याच्या वळलेल्या पायामागची पोकळी किंवा शेपटीचा वेढा, यांतूनच तो दोरी ओवतो.

लाकडांत सर्वांत पसंतीचे ‘त्सुगे’. ते कठीण, बारीक पोताचे आणि घासले की मेणासारखे चमकणारे असते. याखेरीज हस्तिदंत, सांबरशिंग, रानडुकराचा सुळा, बांबू, अक्रोड, लाख, सारे काही वापरले गेले. शामिसेन या तंतुवाद्याची नखी हस्तिदंताची असे. ती कापल्यावर उरलेल्या तिकोनी तुकड्यांतूनही नेत्सुके कोरली जात. म्हणूनच जुनी हस्तिदंती नेत्सुके पुष्कळदा तिकोनी आकाराची दिसतात.

एक युक्ती तर थक्क करणारी आहे. बेडकाच्या अंगावरचे फोड दाखवायचे आहेत. कारागीर बोथट हत्याराने लाकडात बारीक खळगे दाबतो, मग आजूबाजूचे लाकूड त्या खळग्यांच्या तळापर्यंत तासून काढतो आणि शेवटी पाणी लावतो. पाणी लागताच दाबलेले लाकूड फुगते आणि फोड आपोआप वर उठतात! या पद्धतीला ‘उकिबोरी’ म्हणतात.

हे काम पुरुषांचेच होते, असेही नाही. आजच्या शिमाने प्रांतातल्या इवामी भागात तोमिहारु नावाचा कारागीर होता. त्याची मुलगी बुन्शोजो (१७६४-१८३८) बापाच्याच तोडीची निघाली. रानडुकराच्या वक्र सुळ्यावर तिने कोरलेले कोळी आणि त्यांच्याशेजारची केसासारखी बारीक अक्षरे आजही संग्राहकांना भुरळ घालतात.

गवत न तुडवणारा, स्वप्ने खाणारा

आता या चिमुकल्या प्राण्यांची ओळख करून घेऊ. पहिला मान ‘किरिन’चा. ड्रॅगनसारखे डोके, हरणासारखे अंग, त्यावर खवले, बैलाची शेपटी आणि कपाळावर शिंग. दिसायला उग्र, पण स्वभावाने इतका दयाळू की चालताना पायाखालचे गवतही तुडवत नाही, किडामुंगी मारत नाही. पृथ्वीवर थोर पुरुष जन्माला येतो किंवा न्यायी राजा राज्य करतो, तेव्हाच तो दर्शन देतो, अशी मूळ चिनी समजूत. नेत्सुकेत तो आकाशाकडे मान उंचावून बसलेला असतो. तोक्योच्या निहोनबाशी पुलावर १९११ मध्ये बसवलेले पंखवाले किरिन आजही वाहनांच्या गर्दीत उभे आहेत. गंमत म्हणजे जिराफालाही जपानी भाषेत किरिनच म्हणतात.

दुसरा ‘बाकु’. हत्तीची सोंड, गेंड्याचे डोळे, बैलाची शेपटी आणि वाघाचे पंजे असा हा सगळ्यांची उसनवारी करून बनलेला प्राणी वाईट स्वप्ने खातो. नववर्षाच्या रात्री उशाखाली खजिन्याच्या जहाजाचे चित्र ठेवून झोपण्याची प्रथा होती. त्या जहाजाच्या शिडावर पुष्कळदा बाकुचे अक्षर लिहिलेले असे. वर्षाचे पहिले स्वप्न वाईट पडले, तर त्याने ते गिळून टाकावे! दचकून जागे होणाऱ्या लेकराच्या उशाशी आपल्याकडच्या आज्या जशी अंगाऱ्याची पुडी ठेवत, त्याच मायेतून जन्मलेला हा प्राणी.

सिंह, म्हणजे ‘शिशी’, जपानच्या रानात कधीच नव्हता. बौद्ध धर्माबरोबर तो भारतातून चीन आणि कोरियामार्गे तिथे गेला आणि प्रत्यक्ष सिंह न पाहिलेल्या कारागिरांनी त्याला कुरळ्या आयाळीचा, गुबगुबीत प्राणी बनवून टाकले. शिशीच्या नेत्सुकेत त्याच्या तोंडात एक गोटी असते. ती बाहेरून घातलेली नसते. त्याच अखंड तुकड्यातून, दातांच्या फटीतून हत्यार घालून कोरलेली असते. ती तोंडात फिरते, पण बाहेर पडत नाही.

गरुडाचा दूरचा नातलग

क्योतोच्या उत्तरेला कुरामा नावाचा डोंगर आहे. देमाचियानागी स्थानकातून छोट्या रेल्वेने अर्ध्या तासात तिथे पोचता येते. कुरामा स्थानकाबाहेरच लांबलचक नाकाचा एक भला मोठा लाल मुखवटा स्वागत करतो. हा ‘तेन्गु’, डोंगरातला गर्विष्ठ यक्ष. बाराव्या शतकातला विख्यात योद्धा मिनामोतो नो योशित्सुने लहानपणी याच डोंगरावर तेन्गुंच्या राजाकडून तलवारबाजी शिकला, अशी दंतकथा आहे.

तेन्गुचा जुना अवतार मात्र चोचीचा आणि पंखांचा आहे. ही चोच आली कुठून? क्योतोच्या सान्जुसान्गेन-दो मंदिरात गेले की उत्तर सापडते. तिथे करुणामूर्ती कान्नोनच्या १००१ मूर्तींसमोर २८ रक्षक देवता उभ्या आहेत. त्यांतली एक चोच असलेली, पंख पसरून बासरी वाजवणारी. तिचे नाव ‘कारुरा’, म्हणजेच आपला गरुड! तेन्गुच्या चोचीमागे या कारुराचीच आठवण असावी, असे अभ्यासक मानतात. विष्णूचे वाहन हजारो मैल ओलांडून गेले आणि जपानी माणसाच्या कमरेला तंबाखूची पिशवी सांभाळत बसले, असे म्हणायला हरकत नाही. नेत्सुकेतला लाडका प्रसंग म्हणजे अंडे फोडून बाहेर येणारा तेन्गु. अंड्याचा गोल आकार हाताला गुळगुळीत लागतो आणि आतून डोकावणारी चोच हसू आणते.

नदीनाल्यांचा मालक ‘कप्पा’. लहान मुलाएवढा, पाठीवर कवच आणि डोक्यावर पाण्याने भरलेली खोलगट बशी. त्या पाण्यातच त्याची सारी शक्ती. त्याला कमरेत वाकून नमस्कार करायचा, म्हणजे तोही शिष्टाचाराने वाकतो, पाणी सांडते आणि त्याचे बळ संपते. संकटातही नम्रता कामाला येते, हे शिकवण्याची ही खास जपानी तऱ्हा! खोल पाण्यापासून मुलांना दूर ठेवण्यासाठी आयांनी याच कप्पाची भीती घातली. काकडी त्याला फार आवडते, म्हणून काकडीच्या सुशीला ‘कप्पा-माकी’ म्हणतात.

घाबरट राक्षस

जपानी राक्षस म्हणजे ‘ओनी’. शिंगे, सुळे, कमरेला वाघाचे कातडे. पण नेत्सुकेतला ओनी क्वचितच कोणाला घाबरवतो, उलट तोच घाबरलेला असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘सेत्सुबुन’ सणाला घरोघर भाजलेले सोयाबीन फेकून ओनीला हाकलतात आणि सुखाला आत बोलावतात. त्या दाण्यांचा मार चुकवण्यासाठी डोके झाकून दडलेला ओनी कारागिरांनी शेकडो वेळा कोरला.

त्याचा वैरी ‘शोकी’. मूळचा चिनी, दाढीवाला, हातात तलवार घेतलेला राक्षसांचा कर्दनकाळ. क्योतोत फिरताना मान वर केली, तर जुन्या घरांच्या छज्ज्यावर मातीचा वीतभर शोकी पहारा देताना दिसतो. पण नेत्सुकेत हाच शोकी राक्षसाला शोधत हिंडत असतो आणि राक्षस त्याच्याच टोपीवर आरामात बसलेला असतो! अधिकाऱ्यांपुढे मान तुकवून वागावे लागणाऱ्या त्या काळच्या दुकानदाराला हे चित्र किती सुखावत असेल, याची कल्पना करता येते.

मिबु-देरा मंदिरात याच राक्षसांची नाटके होतात. ‘मिबु क्योगेन’ हा मूकनाट्याचा प्रकार १३०० साली एन्गाकु नावाच्या भिक्षूने सुरू केला, असे मानतात. मुखवटे घातलेले नट एकही शब्द बोलत नाहीत. घंटा, ढोल आणि बासरीच्या तालावर सारी कथा घडते. त्यातल्या एका नाटकात मातीतला राक्षसी कोळी योद्ध्यांवर पांढऱ्या धाग्यांचे झोत फेकतो. तोच कोळी नेत्सुकेतही भेटतो.

भारतातून गेलेली कोल्हीण

नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीची कथा भारतीय वाचकाला विशेष चकित करील. जपानी कथेप्रमाणे तिने प्रथम चीनमध्ये एका राजाचा सर्वनाश केला. मग ती ‘तेन्जिकु’त, म्हणजे भारतात आली आणि कायो नावाची सुंदरी बनून राजपुत्र हान्झोकुला तिने हजार माणसांची मुंडकी उडवायला लावले. हान्झोकु या नावाचा अर्थ ‘ठिपकेदार पायांचा’. आपल्या महाभारतातला शापित राजा कल्माषपाद तो हाच! पुढे ती जपानी दरबारात तामामो नावाची विदुषी बनून गेली. सम्राट आजारी पडला, ज्योतिषाने तिला ओळखले आणि पळता पळता नासुच्या माळावर बाणांनी तिचा अंत झाला. मरताना ती विषारी खडक बनली.

तो खडक तोचिगी प्रांतातल्या नासु येथे आहे. परिसर ज्वालामुखीचा, जमिनीतून विषारी वायू निघतो, त्यामुळे दंतकथेला आधार मिळाला. १६८९ मध्ये कवी बाशोही हा खडक पाहून गेला होता. मार्च २०२२ मध्ये तो खडक दुभंगला. फटीत शिरलेले पाणी गोठल्याने तसे झाले असावे, असा तर्क होता, पण कोल्हीण सुटली, या भीतीने जगभरची वृत्तपत्रे रंगली. नेत्सुकेत ती दरबारी वस्त्रे नेसून बसते आणि पदराखालून शेपट्या डोकावतात.

खिसा आला आणि...

१८६८ नंतर जपानने पाश्चात्त्य राहणी स्वीकारली. कोट-पाटलोण आली, त्यांना खिसे होते. चिलीम गेली, सिगारेट आली. दोन-अडीचशे वर्षे कमरेला राहिलेले नेत्सुके काही दशकांत निरुपयोगी ठरले. घरातली नेत्सुके लोकांनी विकली आणि परदेशी प्रवासी ती पेट्या भरभरून घेऊन गेले. म्हणूनच जुनी उत्तम नेत्सुके आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या पाश्चात्त्य संग्रहालयांत मोठ्या संख्येने दिसतात.

यातल्या एका संग्रहाची हकिकत हृदयस्पर्शी आहे. १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये एफ्रुसी या ज्यू कुटुंबातल्या चार्ल्सने २६४ नेत्सुके विकत घेतली आणि १८९९ मध्ये ती व्हिएन्नातल्या चुलतभावाला लग्नाची भेट म्हणून दिली. १९३८ मध्ये नाझींनी त्या कुटुंबाचा वाडा लुटला. चित्रे गेली, ग्रंथ गेले, सारे गेले. पण ॲना नावाच्या मोलकरणीने रोज दोन-चार नेत्सुके एप्रनच्या खिशात घालून नेली आणि आपल्या गादीत लपवली. युद्ध संपल्यावर तिने ती कुटुंबातल्या मुलीला परत केली. ज्यांचा जन्म खिसा नसल्यामुळे झाला, ती खिशामुळेच वाचली! कुटुंबाचे वंशज, कुंभारकलेचे नामवंत एडमंड डी वाल यांनी २०१० मध्ये पुस्तक लिहून ही कथा जगापुढे आणली. २०१८ मध्ये त्यांतली ७९ नेत्सुके निर्वासितांच्या मदतीसाठी लिलावात विकण्यात आली.

हस्तिदंताचा कलंक

या सुंदर कलेला एक काळी बाजूही आहे. कित्येक नेत्सुकेंसाठी हत्तींचे सुळे लागले. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. अनेक कारागीर पुन्हा त्सुगेच्या लाकडाकडे, सांबरशिंगाकडे वळले. काहींनी बर्फात गाडलेल्या मॅमथचे सुळे वापरले. कलेचे काही बिघडले नाही. किंबहुना, कला साहित्यात नसून हातात आणि नजरेत असते, हेच सिद्ध झाले.

आज किमोनोही सणासुदीलाच नेसला जातो. तरीही जपानमध्ये आणि जपानबाहेरही नवे कारागीर नेत्सुके कोरतात. दिवंगत राजपुत्र ताकामादो (१९५४-२००२) आणि त्यांच्या पत्नी हिसाको यांनी समकालीन नेत्सुके आवडीने जमवली. तोक्योच्या उएनो भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या संग्रहासाठी स्वतंत्र खोली आहे. वापर संपला तरी दोन भोके मात्र आजचे कारागीरही पाडतात. दोरी ओवण्याची सोय नसलेली मूर्ती कितीही सुंदर असली, तरी तिला नेत्सुके म्हणत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी

तोक्योहून शिन्कान्सेन गाडीने क्योतो सुमारे सव्वादोन तासांवर आहे. क्योतोत ओमिया स्थानकापासून मिबुचे संग्रहालय चालत दहा मिनिटांवर आहे. निघण्यापूर्वी सुट्टीचे दिवस आणि वेळा पाहून घ्याव्यात. एप्रिलच्या अखेरीस किंवा सेत्सुबुनच्या सुमारास गेल्यास मिबु-देरातली मूकनाट्येही पाहता येतील. मुले बरोबर असतील तर त्यांना एक खेळ द्यावा : प्रत्येक मूर्तीत दोरी कुठून ओवली असेल, ते शोधा. तासभर कसा जातो, कळत नाही.

आठवण म्हणून नेत्सुके घ्यायचा मोह होईल. स्वस्तात मिळणारी नेत्सुके बहुधा साच्यात ओतलेल्या कृत्रिम राळेची असतात, ती तशी समजूनच घ्यावीत. हस्तिदंती वस्तू मात्र, ती कितीही जुनी असल्याचे दुकानदाराने सांगितले तरी, घेऊ नये. ती मायदेशी आणताना कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची भीती असते. त्यापेक्षा त्सुगेचे एखादे साधे नेत्सुके घ्यावे. जपानी रसिक नव्यापेक्षा हाताळून गुळगुळीत झालेल्या नेत्सुकेला अधिक मान देतात. बोटे फिरून फिरून कडा झिजतात, लाकडाला मधाचा रंग चढतो, राक्षसाचे सुळेही मऊ होतात. अशी झीज एका माणसाच्या हयातीत पुरी होत नाही, म्हणून ते पुढच्या पिढीच्या हातात द्यायचे असते.